पुलाच्या चढावरची पांढरी

माय त्या मातीखाली आहे, हे पुलाजवळ जमलेल्या एकाही माणसाला मला पटवून देता येत नव्हतं.

वैशाखातली भर दुपार होती. अकोल्यात मोर्णेवरच्या पुलाला बाजाराच्या बाजूने जो चढ लागतो, त्याची दुरुस्तीसाठी उकललेली अर्धी बाजू नुकतीच खाली आली होती. पांढऱ्या धुळीचा लोट नदीच्या कोरड्या पात्रावर अजून तरंगत होता. माती न्यायला आलेल्या बाया धावत बाहेर पडल्या होत्या. त्या खोकत होत्या, डोळे चोळत होत्या, एकमेकींना नावाने हाका मारत होत्या. एकेक करून सगळ्या सापडल्या. माझी माय, माणिकबाई, तेवढी सापडली नाही. आणि ठेकेदाराचा मुकादम चंद्रभान दोन्ही हात हलवून जो येईल त्याला सांगत होता, "अवो, ते कवाचीच गेली. मी माह्या डोयानं पाह्यली. हिरवं लुगडं, डोक्शावर टोपलं, बाजाराकडे चालली होती."

त्याचं म्हणणं खरं निघावं असं सगळ्यांत जास्त मलाच वाटत होतं.

त्या वर्षी होळीच्या तोंडावर धरणीकंप झाला होता. मी अमरावतीला मुलींच्या शाळेत शिकवत असे आणि शाळेजवळच एका खोलीत राहत असे. सकाळी चहाचं आधण ठेवताना मांडणीवरची भांडी वाजू लागली तेव्हा मांजर असेल म्हणून मी मागे न बघताच शुक् शुक् केलं. मग पायाखालची जमीन हलली. बिहारचं आणि क्वेट्ट्याचं आम्ही वर्तमानपत्रांतून वाचलेलं होतं, त्यामुळे आपल्याकडे एवढ्यावर निभावलं याचं लोकांना बरंच वाटलं. आमच्या दोन्ही गावांत माणूस दगावलं नाही. धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या, घरांना भेगा पडल्या, आणि अकोल्यात पुलाच्या चढाच्या दगडी भिंतीला पोट आलं.

पूल स्वतः धड होता. बिघडला होता तो बाजाराकडून पुलावर नेणारा लांब चढ. तो म्हणजे दोन बाजूंना दोन दगडी भिंती आणि मध्ये भरलेली माती. धक्क्याने आतली माती बसली आणि तिने भिंती बाहेर लोटल्या. पुन्हा एखादा धक्का आला तर सगळा चढच फाकेल, म्हणून तो उकलून नव्याने बांधायचं ठरलं. भिंती बुडाशी रुंद करायच्या, त्यांना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या आडव्या भिंती आत घालायच्या, आणि मातीच्या जागी मुरूम थर देऊन ठोकायचा. गावाला दुसरा पूल नव्हता. पावसाळ्यात मोर्णा भरली की जुनं शहर आणि बाजार यांच्यामध्ये तेवढीच वाट उरायची. म्हणून काम अर्धं अर्धं चाललं होतं. एक बाजू उकललेली, आणि दुसऱ्या बाजूवरून बैलगाड्या, टांगे, सायकली, कापसाच्या जिनातली एक लॉरी, सगळं नेहमीसारखं सुरू.

उकललेल्या बाजूचे दगड काढले आणि आतून पांढरी निघाली.

आमच्याकडच्या जुन्या गावांना एक गढी असते. किती पिढ्यांची घरं पडून, त्यावर पुन्हा उभी राहून, पुन्हा पडून झालेलं ते टेकाड. त्या मातीला पांढरी म्हणतात. ती राखेसारखी मऊ असते. पावसाळ्याआधी धाब्यावर अंथरून चोपली की पाणी खाली उतरू देत नाही. शेतातली काळी तिथे चालत नाही, ती फुगते आणि फाटते. पूल बांधताना कोणीतरी जवळची एखादी गढी खणून चढात ओतली असावी. कोणाची, केव्हा, हे आता कोणाला आठवत नव्हतं. पण त्या उन्हाळ्यात सगळ्यांचीच धाबी तडकली होती, आजूबाजूची गावं आपल्या गढीला शहराचा हात लागू देत नव्हती, आणि इथे भर वस्तीत पांढरीचा उभा कडा उघडा पडला होता.

बाया येऊ लागल्या. कामावरचे ओव्हरसियर केशवराव, पुण्याकडचे तरुण गृहस्थ, त्यांनी मनाई केली. "ही माती पिठासारखी आहे हो," ते बायांना समजावून सांगत, "एकदा सुटली की थांबत नाही. म्हणून तर काढतोय." बाया मान हलवत आणि परत जात. पण दुपारी केशवराव जेवायला गेले, मजूर कमानीखालच्या सावलीत आडवे झाले, की चंद्रभान त्यांना येऊ देई. जेवढी माती बाया नेत तेवढी त्याला गाढवांवरून वाहावी लागत नव्हती.

"न्या, माय, न्या," तो म्हणे. "तेवढीच माह्या गाढवायले सावली."

माझे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. माय नदीकाठच्या भाजीच्या वाडीत वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायची आणि बाजारात बसून विकायची. घर पलीकडे, जुन्या शहरात. मी उन्हाळ्याच्या सुटीत आले तेव्हा धाब्याची भेग खाली झोपल्या झोपल्या दिसत होती. तिच्यातून दिवसा उजेडाची एक रेघ पडायची.

"टिनं टाकून घेऊ," मी म्हणाले.

"टिनाखाली कोन झोपन? मी काय भरताचं वांगं आहो?"

"मग माझ्यासोबत अमरावतीले चाल."

"अन् वाडीले पानी तुह्या शाळेतल्या पोट्ट्या देतीन? काई बोलतं मास्तरीन."

त्या दुपारी आम्ही दोघी गेलो. माय हिरवं लुगडं नेसली होती, आणि मातीच्या टोपल्यांसोबत बाजारात न्यायचं वांग्यांचं टोपलंही तिने घेतलं होतं. पांढरीत वहाणा घालून उतरत नाहीत. तिथे कोणाची तरी घरं होती, चुली होत्या, देव होते. त्यामुळे परक्याच्या घरात शिरावं तसं शिरायचं. चढाच्या पायथ्याशी दगडांच्या ढिगाजवळ बायांच्या वहाणा ओळीने ठेवलेल्या होत्या. मायने तिच्या त्यात ठेवल्या, चिमूटभर माती कपाळाला लावली, आणि खुरपं घेऊन वाकली.

सगळ्या बाया बुडाशी खणत होत्या. गढीवर असंच खणतात. वरची माती खड्या-मुळांची, चांगली माती खाली, हे आमच्याकडे मुलीला कोणी शिकवावं लागत नाही. ती आईच्या मागे जाते आणि बघते. खणत खणत आत एक खोपा तयार होतो आणि बाई त्यात उकिडवी बसून पुढे खणते. गढीत तो खोपा टिकतो. शेकडो पावसाळ्यांनी ती माती दाबून बसवलेली असते. इथली पांढरी दिसायला तीच होती, हाताला तशीच लागत होती, ओली केली की वासही तोच येत होता. पण ती ओतलेली होती, आणि तिच्या डोक्यावरून गाड्या जात होत्या.

"माय, वरून गाड्या जाऊन राहिल्या," मी म्हणाले.

"जाऊ दे ना व," ती आतून म्हणाली. "पांढरी हाये ते. पांढरीतच तर जलमलो आपुन."

पहिलं टोपलं भरलं ते मी डोक्यावर घेतलं. तू टाकून ये, तवरोक मी दुसरं भरून ठेवतो, असं ती म्हणाली. मी पूल ओलांडून घरी गेले, माती अंगणात ओतली, रिकामं टोपलं घेऊन परत निघाले. पुलाच्या मध्यावर होते तेव्हा पुढे पांढरा धूर उठलेला दिसला. आवाज मला ऐकू आला नाही. वरून चाललेल्या एका गाडीवानाला आला असावा. तो बैल थांबवून खाली वाकून बघत होता, आणि मागचे त्याला शिव्या देत होते.

म्हणून मला वाटत होतं की ती आत आहे. पण मी गेल्यापासून परत येईपर्यंत ती बाहेर पडली नसेलच असं मी कशावरून म्हणणार? बाजारात जाऊन बघावं, तर तेवढा वेळ जाणार. ती तिथे मेथीच्या जुड्या बांधत बसलेली असेल तर तेवढा वेळ गेल्याचं मला काहीच वाटलं नसतं. नसेल तर? मी दोनदा निघाले आणि दोनदा परत आले.

केशवराव धावत आले. जेवणाचे हात तसेच होते. त्यांनी आधी वर बघितलं, मग खाली, मग चंद्रभानकडे.

"कोणी आत आहे?"

"कोनी नाई सायेब. समद्या निंघाल्या."

"माझी आई आहे," मी म्हणाले.

"तिले मी जाताना पाह्यलं सायेब. ह्या बाई घाबरल्या हायेत."

ते काही बोलणार तेवढ्यात माझं लक्ष दगडांच्या ढिगाकडे गेलं. बाया आपापल्या वहाणा घ्यायला तिथे येत होत्या. वैशाखात अकोल्याच्या जमिनीवर अनवाणी उभं राहता येत नाही. मघापासून सगळ्या एक पाय उचल, दुसरा उचल करत होत्या. एकेकीने आपली वहाण ओळखली, झटकली, पायात घातली. ओळ संपत आली. शेवटी एक जोड राहिला. डाव्या वहाणेचा अंगठा मायने सुतळीने बांधलेला होता.

मी तो उचलून केशवरावांपुढे धरला. एक बाई म्हणाली, "सायेब, हे माणिकबाईचे हायेत. असल्या उन्हात बिनवहानाची बाजारात कशी जाईन ते?"

"इसरली असन," चंद्रभान म्हणाला. पण त्याचा आवाज आता बदलला होता. "हिरवं लुगडं होतं सायेब. डोक्शावर टोपलं होतं. मी खोटं कायले सांगू?"

तो खोटं बोलत नव्हता. हे आम्हाला कळलं ते गोदाबाई आली तेव्हा.

गोदाबाई बाजारात मायच्या शेजारी बसायची. दोघींचं रोज भांडण असे, गिऱ्हाइकावरून, सावलीवरून, पाण्याच्या शिंतोड्यावरून. माय तिला 'कडू दोडका' म्हणायची आणि ती मायला 'मास्तरणीची माय' म्हणून हिणवायची. आता ती चढाच्या बाजूने धापा टाकत येत होती. अंगावर हिरवं लुगडं होतं. डोक्यावर मायचं वांग्यांचं टोपलं होतं.

"काय झालं व? माणकी कुठी हाये?" तिने विचारलं. "मघा इथंच मले टोपलं देल्लं तिनं इकाले. म्हने, वांगे सुकून राह्यले, तू घेऊन जाय, मी पांढरी भरून येतो. मी म्हटलं, माह्या वांग्याच्या बाजूले तुहे वांगे इकू काय मी? तरी नेले." तिने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "कुठी हाये ते?"

चंद्रभान खाली बसला.

केशवरावांनी मला बाजूला घेतलं. त्यांचा आवाज शांत होता. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून स्पष्ट सांगतो. ही पडलेली माती आहे ना, तिनेच आता उरलेल्या अर्ध्या चढाला आधार दिलाय. ती उपसली आणि वरून गाड्या चालूच राहिल्या, तर उरलेला चढ येईल. गाड्यांसकट, आणि खणणाऱ्या माणसांसकट."

"मग गाड्या थांबवा."

"रस्ता बंद करायचा अधिकार मला नाही. मोठ्या साहेबांकडे सायकलवरून माणूस पाठवतो, आत्ता. ते शिपाई घेऊन येतील."

"तोवर?"

"तोवर मी कोणाला कुदळ लावू देणार नाही."

वरून एक गाडी गेली आणि कड्यावरून ओंजळभर माती सरसरत खाली आली. ती जिथे माय होती त्या ढिगावर पडली. मग दुसरी गाडी. पुन्हा माती. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान फिरवली. ते चुकीचं बोलत नव्हते. त्यांना दोष देण्यासारखं काही मिळालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मी वर धावले. अर्ध्या रुंदीचा तो रस्ता, एका अंगाला उघडा कडा, आणि बाजाराचा दिवस. मी दोन्ही हात पसरून मध्ये उभी राहिले. "थांबा हो, खाली माणूस आहे." पहिला गाडीवान कडेने बैल काढू लागला.

"ओ बाई, बाजूले व्हा! मरता काय?"

"खाली माझी आई दबली आहे."

"मंग खाली जा ना! वर काय करून राह्यल्या?"

तो गेला. त्याच्या मागचा गेला. एका टांगेवाल्याने चाबूक उंच करून ओरडून सांगितलं की टेसनची सवारी आहे, गाडी चुकली तर कोण जबाबदार? माझा आवाज वर्गाच्या चार भिंतींत पुरणारा, तिथे तो उडून जात होता. मी एका बैलाची वेसण धरली. गाडीवानाने ती माझ्या हातातून सोडवून घेतली. रागाने नाही, लहान मुलाच्या हातून काढावी तशी. आणि चाकाखाली मला माती हललेली जाणवली.

तेव्हा गोदाबाई माझ्या बाजूने पुढे गेली. तिने डोक्यावरचं टोपलं रस्त्याच्या बरोबर मध्ये ठेवलं, पदर खोचला, आणि बाजारात बसते तशी टोपल्यामागे मांडी घालून बसली.

"हाक," ती म्हणाली. "हाक रे गाडी. घाल माह्या अंगावरून."

पुढचा गाडीवान कांद्याच्या पोत्यांवर उभा राहिला. "अवो बुढे, येडी झाली काय? कांदे हायेत. उन्हानं सडून जातीन."

"सडू दे. जलमभर भाजी इकतो मी, मले कांद्याचं सांगतं! माणकी खाली सडून राह्यली, ते दिसत नाई काय तुले?"

"माह्या सवारीची गाडी चुकन ना मावशी," मागून टांगेवाला ओरडला.

"पुढची गाडी येते, बाबू. पुढची माणकी येत नाई."

त्याने चाबूक खाली केला. मघाच्या मातीवाल्या बाया एकेक करून वर आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. रिकामी टोपली पालथी घालून त्या गोदाबाईच्या दोन्ही बाजूंना बसल्या. पुलाच्या पलीकडच्या तोंडाशीही कोणीतरी ओरडून सांगितलं असावं, कारण तिकडूनही चाकांचा आवाज थांबला. पुलावर मी कधीच तशी शांतता ऐकली नव्हती.

मी खाली येईपर्यंत केशवरावांनी मजुरांना उठवलेलं होतं. गाड्या थांबल्या आहेत एवढं त्यांना पुरलं. साहेबांचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. "कुदळ नाही," ते म्हणाले, "फावडं नाही. हाताने. वरून पायऱ्या काढत यायचं, बुडाला हात लावायचा नाही. फळ्या आणा." आणि स्वतः टोपी बाजूला ठेवून ढिगावर चढले. चंद्रभान त्यांच्या शेजारी होता. तो रडत होता आणि माती उपसत होता, दोन्ही एकाच वेळी.

आम्ही ओंजळींनी माती काढली. ती पाण्यासारखी परत यायची. एक ओंजळ काढावी, तिथे दुसरी घरंगळावी. मजुरांनी फळ्या लावून ती अडवली. रांगेतून टोपली मागे जात होती. मी नखांनी उकरत होते. माझ्या शेजारच्या मजुराने मला म्हटलं, "बाई, नखं नोका लावू. तळव्यानं वढा." मी तळव्याने ओढू लागले. मनात मी हिशेब मांडत होते: ती खोप्यात होती, खोप्याला वर छत असतं, छत पडलं तरी कोपऱ्यात थोडी हवा राहते. असं कुठेतरी वाचलेलं होतं. कुठे ते आठवेना. आठवलं तर ते खरं ठरेल असं काहीतरी वाटून मी ते आठवायचा प्रयत्न करत राहिले.

मग एका मजुराने हात वर केला. "थांबा. आवाज आला."

सगळे थांबले.

"खोकलल्यासारखं झालं," तो म्हणाला.

केशवराव पोटावर आडवे झाले आणि त्यांनी मातीला कान लावला. मी हाक मारली. "माय." मग पुन्हा, जरा मोठ्याने, तिला राग यावा अशी. झोपेत असली की ती पहिल्या हाकेला ओ देत नसे. वरून थांबलेल्या बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. माश्या उडवायला बैल मान हलवतात, तेवढाच. पण त्या आवाजात खालचं काही ऐकू येणं शक्य नव्हतं.

"वर सांगा," केशवराव कुजबुजले, "आवाज बंद."

एकाने दुसऱ्याच्या कानात सांगत ते वर पोचवलं. गोदाबाईचा आवाज आला, "घुंगरं धरा रे पोट्टेहो! हातानं धरा!" मी मान वर केली. कड्याच्या काठाशी उभ्या असलेल्या गाडीवानांनी खाली उड्या टाकल्या आणि आपापल्या बैलांच्या गळ्यातली घुंगरं मुठीत धरली. टांगेवाल्याने घोड्याची धरली. मागे कुठवर ते गेलं मला दिसत नव्हतं, पण एकामागून एक आवाज मिटत गेला, चढ उतरून पार बाजारापर्यंत.

आम्ही ऐकत राहिलो.

मला एकदा वाटलं की ऐकू आलं. केशवरावांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही वाटलं होतं. नक्की कोणीच सांगू शकलं नाही. पण त्यानंतर सगळे असे भिडले की केशवरावांना दोनदा ओरडून माणसं मागे ओढावी लागली. वरचा कडा एकदा सुटलाच. माती चंद्रभानच्या कमरेपर्यंत आली. त्याला ओढून काढलं आणि तो पुन्हा तिथेच गेला.

आधी हात लागला. तो मलाच लागला. मी तो धरला आणि म्हणाले, "गरम आहे. हात गरम आहे."

वैशाखात मातीच गरम असते. ते माझ्या लक्षात यायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ मी तो हात चोळत राहिले.

ती उकिडवी बसलेली होती, गुडघ्यांवर टोपलं. टोपलं अर्धं भरलेलं होतं. चेहरा, केस, पापण्या सगळं पांढरं. मजुरांनी तिला अलगद उचलून फळीवर ठेवलं. केशवरावांनी तोंडातली माती बोटाने काढली, पाठीवर थोपटलं, छाती दाबून बघितली, पुन्हा पुन्हा, मला वाटतं त्यांना माहीत असूनही. शेवटी चंद्रभानने कंबरेची तंबाखूची डबी काढली. झाकणाला आतून आरसा होता. तो धोतराला पुसून त्याने तिच्या नाकापाशी धरला. आम्ही सगळे त्या एवढ्याशा काचेवर वाकलो. तीत तिच्या ओठांचा एक तुकडा दिसत होता. काच तशीच स्वच्छ राहिली.

"बाई," केशवराव म्हणाले. मग ते फळीपासून मागे सरले.

मी पदराने तिचा चेहरा पुसला. डोळ्यांच्या कडा, नाकाच्या बाजू. कानातली माती निघत नव्हती, ती राहू दिली. मग माझ्या लक्षात आलं की वरच्यांना काहीच माहीत नाही. ते अजून तसेच उभे असणार. कोणीतरी जाऊन सांगायला हवं होतं, आणि सगळे माझ्याकडे बघायचं टाळत होते.

मी चढ चढून वर गेले.

गोदाबाई तशीच बसलेली होती. उन्हाने तिचा चेहरा काळवंडला होता. टोपल्यातली वांगी सुरकुतली होती. तिच्यामागे गाड्याच गाड्या, आणि प्रत्येक बैलाच्या गळ्याशी एक माणूस, मूठ आवळून.

"निंघाली?" तिने विचारलं.

"निंघाली, मावशी."

"पानी पाजलं काय?"

मी उभी राहिले. तिने माझ्याकडे वर पाहिलं. मग तिने नजर काढून टोपल्यातलं एक वांगं उचललं, पदराला पुसलं, आणि परत ठेवलं.

"मावशी, उठा आता," मी म्हणाले. "गाड्या जाऊ द्या."

"नाई उठत," ती म्हणाली. "तिले सडकीवरून ने. खालतून, नदीतून, गोट्यातून कायले नेता? पुलावरून ने घरी. ते जाईपर्यंत मी उठत नाई. कोनाले काय बोलाचं ते बोला."

टांगेवाल्याने आपल्या सवारीला खाली उतरवलं आणि टांगा रिकामा करून पुढे वळवायला लागला. मायसाठी, हे त्याने सांगितलं नाही. कांद्याचा गाडीवान माझ्या सगळ्यांत जवळ होता. त्याच्या बैलाने मान हलवली. त्याने मूठ आणखी घट्ट केली. त्याच्या बोटांना रग लागली असावी, कारण त्याने दुसरा हातही खाली लावलेला होता.

"बाई," त्याने हळूच विचारलं, "सोडू काय आता?"

मी मागच्या गाड्यांकडे पाहिलं. तो थांबला. मागचेही थांबले होते.

"सोडा," मी म्हणाले.